जनगणनेतले मुसलमान, रणांगणावरचे ‘तुर्क’

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सारायेवोच्या स्पाहो घराण्यात तीन भाऊ होते. आईबाप एक, धर्म एक, बोली एक. त्यांतला एक भाऊ स्वतःला सर्ब म्हणवून घेई, दुसरा क्रोएट. तिसऱ्याने, म्हणजे मेहमेद स्पाहो यांनी, या दोन्हींना नकार देऊन आपण फक्त युगोस्लाव आहोत असे सांगितले. हे मेहमेद म्हणजे १९१९ साली स्थापन झालेल्या ‘युगोस्लाव मुस्लिम संघटने’चे नेते, बेलग्रेडच्या मंत्रिमंडळात ते अनेकदा मंत्री होते. त्यांचा भाऊ फेहीम पुढे देशातल्या मुसलमानांचा सर्वोच्च धर्मप्रमुख, रईस-उल-उलेमा झाला.

एका घरात तीन राष्ट्रे नांदत होती आणि त्यात कोणाला फारसे नवल वाटत नव्हते. बोस्नियाच्या मुसलमानांपुढे तो प्रश्न पिढ्यानपिढ्या होता: आपला मुसलमानपणा ही फक्त श्रद्धा आहे, की तोच आपला वंश, आपली जमात, आपले राष्ट्र? या प्रश्नाला स्पष्ट सरकारी उत्तर दिले ते धर्म न मानणाऱ्या एका कम्युनिस्ट राजवटीने. त्या उत्तरानंतर पाव शतकही उलटले नाही तोच, मुसलमान नाव असणे एवढ्याच कारणाने माणसे मारली गेली. हे दोन टोकांचे प्रसंग एकाच कहाणीतले आहेत.

कहाणीची सुरुवात १४६३ सालची. त्या वर्षी उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदने बोस्नियाचे राज्य बुडवले आणि शेवटचा राजा स्तेपान तोमाशेविच याचा यायत्से येथे शिरच्छेद करवला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत तिथली पुष्कळ प्रजा हळूहळू मुसलमान झाली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मुसलमान झालेले हे लोक स्लाव होते. ते बोलत तीच भाषा त्यांचे ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक शेजारी बोलत. तुर्की भाषा येई ती अधिकाऱ्यांना आणि विद्वानांना. गावातला शेतकरी नमाजापुरती अरबी पाठ करी आणि बाकी सगळा व्यवहार, भांडण, प्रेम, अंगाई, स्लाव बोलीतच चाले.

तरीही शेजाऱ्यांच्या तोंडी त्यांचे नाव पडले ‘तुर्क’. या नावात त्यांचाही वाटा होता. उस्मानी साम्राज्य प्रजेची विभागणी धर्मावरून करी, त्यामुळे ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान असा सरळ हिशेब होता आणि बोस्नियाचे मुसलमान स्वतःही त्या अर्थाने तो शब्द वापरत. खऱ्याखुऱ्या आनातोलियाच्या तुर्कांसाठी मात्र त्यांच्याकडे वेगळा, जरा हेटाळणीचा शब्द होता, ‘तुर्कुशे’. १८३१ मध्ये हुसेन-कपेतान ग्रादाश्चेविच या बोस्नियन सरदाराने तर थेट सुलतानाविरुद्ध बंड पुकारले आणि बोस्नियासाठी स्वायत्तता मागितली. ते बंड मोडले गेले. पण ज्यांना ‘सुलतानाचे हस्तक’ म्हणून हिणवले जाई, त्यांनीच सुलतानाच्या फौजेवर तलवार उपसली होती, ही आठवण पुढच्या प्रचारात कुणालाही सोयीची नव्हती.

‘तुर्क’ या शिक्क्याच्या जोडीला दुसरा शिक्का होता धर्मद्रोह्याचा. हे लोक जमिनीच्या आणि मानमरातबाच्या लोभाने बाटले, आपल्या रक्ताशी बेइमान झाले, अशी ती समजूत. मोंटेनेग्रोचा बिशप आणि शासक न्येगोश याने १८४७ साली ‘गोर्स्की वियेनात्स’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. बाटलेल्यांच्या कत्तलीचा निर्णय हेच त्याचे कथानक. काव्य म्हणून त्याची थोरवी सर्व दक्षिण स्लावांमध्ये मानली गेली, शाळांतून ते शिकवले गेले, आणि बाटलेल्यांबद्दलचा राग पिढ्यानपिढ्या मुलांच्या मनात उतरला. वस्तुस्थिती एवढी सरळ नव्हती. बोस्नियातले बहुतेक जमीनदार मुसलमान होते हे खरे. पण बहुतेक मुसलमान जमीनदार नव्हते. ते स्वतःच्या लहानशा तुकड्यावर राबणारे शेतकरी होते, चामड्याचे, तांब्याचे काम करणारे कारागीर होते, लहान दुकानदार होते.

एकोणिसाव्या शतकात युरोपभर राष्ट्रवादाचे वारे सुटले तेव्हा बोस्नियात मोठी चमत्कारिक ओढाताण सुरू झाली. ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक सर्ब ठरले, कॅथलिक क्रोएट ठरले. म्हणजे धर्मावरूनच राष्ट्र ठरले, फक्त तसे कोणी उघड म्हणाले नाही. मुसलमानांवर मात्र दोघांनी हक्क सांगितला. सर्बियन भाषेचा थोर सुधारक वूक कराजिच म्हणाला, ही भाषा बोलणारे तिन्ही धर्मांचे लोक सर्बच आहेत. क्रोएट राष्ट्रवादाचा जनक आंते स्तार्चेविच याच्या मते बोस्नियाचे मुसलमान हे तर सर्वांत शुद्ध क्रोएट. त्या मुसलमानांना स्वतःला काय वाटते, हे या दोघांच्याही युक्तिवादात गौण होते.

१८७८ च्या बर्लिन परिषदेने बोस्नियाचा ताबा ऑस्ट्रिया-हंगेरीकडे दिला. सारायेवोच्या मुसलमानांनी रस्त्यारस्त्यांत प्रतिकार केला, पण ऑगस्टमध्ये शहर पडले. नव्या राजवटीचा खरा सूत्रधार ठरला बेन्यामिन कालाय हा हंगेरियन मंत्री. १८८२ ते १९०३ अशी एकवीस वर्षे बोस्नियाचा कारभार त्याच्या हाती होता. सर्ब आणि क्रोएट चळवळींना शह देण्यासाठी त्याने तिन्ही धर्मांच्या लोकांचे मिळून एकच ‘बोस्नियन’ राष्ट्र घडवायचे ठरवले. त्यासाठी त्याने सर्बांच्या इतिहासावरच्या स्वतःच्याच पुस्तकावर बोस्नियात बंदी घातली. मुसलमान उमरावांपैकी काहींना ही कल्पना पटली. मेहमेद-बेग कपेतानोविच यांनी १८९१ मध्ये ‘बोश्न्याक’ नावाचे साप्ताहिक काढले. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक मात्र या राष्ट्राकडे फिरकले नाहीत. वरून लादलेले हे नाव कालायच्या बरोबरच विझले, पण ते पुसले गेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर युगोस्लावियाचे राज्य आले. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन हे त्याचे तीन मान्य ‘जमातभाई’. मुसलमानांचा धर्म मान्य, राष्ट्र नाही. स्पाहो यांचा पक्ष कधी या बाजूला, कधी त्या बाजूला आधार देत आपल्या लोकांची जमीन आणि मशिदी सांभाळत राहिला. १९३९ च्या जूनमध्ये स्पाहो वारले आणि दोनच महिन्यांनी सर्ब व क्रोएट नेत्यांनी आपसांत करार करून बोस्नियाचे तुकडे वाटून घेतले. कुठला जिल्हा कोणाकडे, हे ठरवताना तिथे सर्ब जास्त की क्रोएट एवढेच पाहिले गेले. मुसलमानांचे डोके मोजलेच गेले नाही.

मग दुसरे महायुद्ध. नाझींच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या क्रोएशियाने मुसलमानांना ‘क्रोएट राष्ट्राचे फूल’ म्हणून कवटाळले आणि सर्बांच्या, ज्यूंच्या, रोमा लोकांच्या कत्तली चालवल्या. चेतनिक या सर्ब राष्ट्रवादी सशस्त्र टोळ्यांनी फोचा आणि पूर्व बोस्नियातल्या मुसलमान वस्त्या कापून काढल्या. हजारो मुसलमान तरुण नाझींच्या ‘हांजार’ नावाच्या एसएस डिव्हिजनमध्ये भरती झाले, आणि हा मुद्दा नंतर संपूर्ण समाजाच्या माथी मारला गेला. याच युद्धातल्या दोन गोष्टी मात्र क्वचितच सांगितल्या जातात. १९४१ च्या शरदात सारायेवो, बान्या लूका, मोस्तार, प्रियेदोर या गावांतल्या प्रतिष्ठित मुसलमानांनी सह्यांनिशी पत्रके काढून सर्बांवरील अत्याचारांचा निषेध केला. काही पत्रकांत ज्यूंचाही उल्लेख होता. ही पत्रके फासिस्ट राजवटीच्या नाकासमोर निघाली होती. आणि सप्टेंबर १९४३ मध्ये त्याच हांजार डिव्हिजनच्या एका तुकडीने फ्रान्समधल्या व्हिलफ्रांश गावी जर्मन अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केले.

कम्युनिस्ट नेता तितो याच्या पार्टिझान सैन्यात तिन्ही धर्मांचे लोक एकत्र लढले. २५ नोव्हेंबर १९४३ रोजी म्र्कोन्यिच ग्राद येथे जमलेल्या त्यांच्या सभेने जाहीर केले की बोस्निया एकट्या सर्बांचा, एकट्या क्रोएटांचा वा एकट्या मुसलमानांचा नाही. तो तिघांचाही आहे. सर्ब आणि क्रोएट यांच्या पंक्तीला मुसलमान बसले ते इथे.

युद्ध संपल्यावर मात्र कम्युनिस्ट पक्षाचा सूर बदलला. मुसलमान म्हणजे अजून ‘राष्ट्रीयदृष्ट्या न ठरलेले’ लोक, शिक्षण वाढेल तसे ते सर्ब किंवा क्रोएट होतील, असे पक्षाचे मत पडले. १९४६ मध्ये शरियत न्यायालये बंद झाली, १९५० मध्ये बुरख्यावर कायद्याने बंदी आली, वक्फच्या मिळकती सरकारजमा झाल्या. १९४८ च्या जनगणनेत बोस्नियाच्या मुसलमानांना तीन पर्याय होते: सर्ब मुसलमान, क्रोएट मुसलमान, किंवा अनिश्चित मुसलमान. सुमारे ७२ हजारांनी पहिला निवडला, सुमारे २५ हजारांनी दुसरा. पावणेआठ लाखांहून जास्त लोकांनी ‘अनिश्चित’ लिहवले. पाच वर्षांनी ‘मुसलमान’ हा शब्दच यादीतून काढून ‘युगोस्लाव, अनिश्चित’ असा रकाना ठेवला, तर तिथे सुमारे नऊ लाखांची गर्दी झाली. या लोकांची ओळख अनिश्चित नव्हती. पक्षाने देऊ केलेली नावे त्यांना नको होती, आणि हे त्यांनी मोर्चा न काढता, घोषणा न देता, फक्त एक रकाना भरून सांगितले. बोस्नियाच्या इतिहासातला हा सर्वांत शांत आणि सर्वांत ठाम जनमतकौल आहे.

१९६१ मध्ये ‘वांशिक अर्थाने मुसलमान’ असा नवा पर्याय आला. तो सुमारे ८ लाख ४२ हजार लोकांनी घेतला. तोवर बोस्नियात मुसलमान घरांत जन्मलेल्या, नव्या विद्यापीठांत शिकलेल्या बुद्धिमंतांची एक पिढी तयार झाली होती. आतिफ पुरिवात्रा यांच्यासारखे अभ्यासक, हम्दिया पोझ्देरात्स यांच्यासारखे पक्षनेते. यांतले बहुतेक पक्के कम्युनिस्ट, मशिदीत न जाणारे. त्यांची मागणी धर्माला राजमान्यता मिळावी अशी नव्हती. आमच्या आजीने ज्या नावाने आम्हाला हाक मारली त्या नावामुळे आम्ही एका समूहाचे ठरतो, त्या समूहाला सर्ब-क्रोएटांच्या बरोबरीचे स्थान द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९६८ मध्ये बोस्नियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ते मान्य केले.

बेलग्रेडमधून विरोध झाला. धर्मावरून राष्ट्र ठरवणे हा मार्क्सवादच नव्हे, असा आक्षेप सर्बियाच्या पक्षबैठकीत घेतला गेला. आक्षेप तर्काला धरून वाटतो, पण आक्षेप घेणाऱ्यांचे स्वतःचे राष्ट्र कसे ठरले होते? एकच भाषा बोलणाऱ्या दोन बोस्नियन शेतकऱ्यांपैकी एक सर्ब आणि दुसरा क्रोएट का, याचे उत्तर त्यांच्या आजोबांच्या चर्चमध्ये होते. मुसलमानांची तेवढीच धर्मावरून घडलेली ओळख खोटी आणि इतरांची खरी, हा न्याय कुठला?

मार्च १९७१ ची जनगणना आली. ‘राष्ट्रीयत्वाच्या अर्थाने मुसलमान’ असा स्वतंत्र रकाना आता होता. तिथल्या लिपीत धर्म दाखवणारा मुसलमान लहान अक्षराने आणि राष्ट्र दाखवणारा मोठ्या अक्षराने लिहायची पद्धत रुळली. बोस्नियात १४ लाख ८२ हजार ४३० लोकांनी, म्हणजे ३९.६ टक्क्यांनी, हे राष्ट्र सांगितले. मुसलमान हा तिथला सर्वांत मोठा समूह ठरला. त्याच वर्षी जेमाल बियेदिच हे बोस्नियन मुसलमान युगोस्लावियाचे पंतप्रधान झाले.

या व्यवस्थेत विसंगती होत्याच. कोसोवोतला अल्बानियन नमाजी धर्माने मुसलमान होता, पण राष्ट्राने अल्बानियन. सारायेवोतला देव न मानणारा प्राध्यापक राष्ट्राने मुसलमान होता. मॅसेडोनियाच्या नेत्यांना आपल्या मॅसेडोनियन बोलणाऱ्या मुसलमानांची काळजी वाटू लागली: तेही उद्या वेगळे राष्ट्र सांगतील का? आणि सगळ्यांनाच हा रकाना नको होता. मेशा सेलिमोविच हा त्या भाषेतला अव्वल कादंबरीकार. तुझ्लाच्या मुसलमान घरातला, ‘दर्वेश आणि मृत्यू’ या कादंबरीने अजरामर झालेला. त्याने १९७६ मध्ये सर्बियन अकादमीला लेखी कळवले की आपण बोस्नियन मुसलमान घराण्यातले, पण राष्ट्राने सर्ब आणि सर्बियन साहित्याचे लेखक आहोत. त्याचा तो हक्क होता. ज्या मोकळिकीने त्याने सर्ब नाव घेतले, तीच मोकळीक लाखो लोकांनी दुसरे नाव घेण्यासाठी वापरली होती.

त्या काळातला मुसलमान शेजाऱ्यांच्या डोळ्यांना कसा दिसत होता, हे युगोस्लावियाच्या विनोदांत सापडते. मुयो आणि हासो ही त्या विनोदांतली ठरलेली जोडगोळी. सोबत बहुधा फाता नावाची बाई. मुयो भोळा, आळशी, खाण्यापिण्याचा शौकीन, डोक्याने मंद. हे विनोद बोस्नियाचे लोक स्वतःही आवडीने सांगत. नव्वदचे दशक उजाडेपर्यंत मात्र बेलग्रेडच्या वर्तमानपत्रांत याच मुयोचे दुसरे चित्र उमटू लागले: कट्टर, कावेबाज, पोरांची फौज वाढवणारा, युरोपात इस्लामी राज्य आणू पाहणारा. दहा-पंधरा वर्षांत एक अख्खा समाज मंदबुद्धीचा धर्मांध कसा झाला? समाज होता तिथेच होता. त्याच्याकडे पाहणाऱ्यांना आता वेगळ्या मुसलमानाची गरज होती.

या प्रचाराला खाद्य मिळाले ते एका खटल्यातून. १९८३ मध्ये सारायेवोत तेरा मुसलमान विचारवंतांवर खटला चालला. आलिया इझेतबेगोविच यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्यांतली पाचएक वर्षे त्यांनी भोगली. पुरावा म्हणून वापरलेल्या १९७० च्या त्यांच्या ‘इस्लामी जाहीरनाम्या’त इस्लामी समाजाविषयी कठोर, वादग्रस्त विधाने आहेत, पण त्या पुस्तिकेत बोस्नियाचे नावही येत नाही. १९९० मध्ये तेच इझेतबेगोविच बोस्नियाच्या अध्यक्षमंडळाचे प्रमुख झाले, आणि त्यांचे पुस्तक हे सगळ्या मुसलमानांच्या मनातले गुपित आहे असे सर्ब राष्ट्रवादी सांगू लागले. १९९१ च्या जनगणनेत मुसलमान ४३.५ टक्के होते. त्या आकड्याचीही भीती घातली गेली.

युगोस्लाविया फुटत होता, आणि एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध पेटले. क्रोएशियातल्या शांतिसेनेसाठी संयुक्त राष्ट्रांनी मुख्यालय थाटले होते ते सारायेवोत, कारण ते शांत राहील असा अंदाज होता. त्या सेनेचे पहिले सरसेनापती होते मराठा लाइट इन्फन्ट्रीत घडलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. तोफा धडधडू लागल्या आणि मे महिन्यात मुख्यालयालाच सारायेवो सोडावे लागले. बोस्नियन सर्ब सैन्याने शहराला घातलेला वेढा १,४२५ दिवस चालला. त्या शहराचे रक्षण करणाऱ्या सैन्याच्या वरिष्ठ सेनानींपैकी एक योवान दिव्याक हे सर्ब होते. वेढा देणाऱ्यांच्या वार्तापत्रांत मात्र शहर ‘तुर्कां’च्या हाती असल्याचे रोज सांगितले जाई.

प्रियेदोरमध्ये ३१ मे १९९२ रोजी सर्ब अधिकाऱ्यांनी हुकूम सोडला की बिगर-सर्बांनी घरांवर पांढरे कापड लावावे आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधावी. पट्टी बांधण्याआधी कोणालाही तुझी श्रद्धा काय, असे विचारले गेले नाही. नाव पुरेसे होते. कम्युनिस्ट शिक्षक, दारूचा गुत्ता चालवणारा, पाच वेळा नमाज पढणारा म्हातारा, सगळे ओमार्स्काच्या छावणीत एकाच शेडमध्ये पोहोचले. धर्म रक्तात असतो, असे उघडपणे सांगायलाही माणसे होती. बोस्नियन सर्बांच्या नेत्या बिल्याना प्लावशिच या सारायेवो विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका. बोस्नियाचे मुसलमान हे मुळात सर्ब, पण जनुकीयदृष्ट्या बिघडलेला माल, असा ‘वैज्ञानिक’ खुलासा त्यांनी १९९३ मध्ये केला. पुढे त्यांनी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची कबुली दिली आणि २००३ मध्ये त्यांना अकरा वर्षांची शिक्षा झाली.

बाहेरच्या जगाची सहानुभूतीही निर्मळ नव्हती. हे लोक गोरे आहेत, वाइन पितात, मिनी स्कर्ट घालतात, म्हणून ते ‘आपल्यासारखे’ आहेत, असे पाश्चात्त्य वर्तमानपत्रे कौतुकाने लिहीत. म्हणजे डोक्याला रुमाल बांधणारी, रोजे पाळणारी स्रेब्रेनित्साची बाई सहानुभूतीला थोडी कमी पात्र ठरत होती का? आणि अत्याचार एकाच बाजूला नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परदेशी मुजाहिदीन बोस्नियात आले, त्यांची स्वतंत्र तुकडी बोस्नियन सैन्यात उभी राहिली आणि तिने केलेल्या क्रूर वागणुकीबद्दल सरसेनापती रासिम देलिच यांना हेगच्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली. तो गुन्हा त्या माणसांचा होता. प्रचारात मात्र तो वीस लाखांचा स्वभाव ठरला.

११ जुलै १९९५ रोजी पूर्व बोस्नियातले स्रेब्रेनित्सा बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडले. शहराच्या रस्त्यावर कॅमेऱ्यासमोर उभा राहून त्या सैन्याचा सेनापती जनरल रात्को म्लादिच याने तुर्कांवर सूड उगवण्याची वेळ आल्याचे सांगितले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. सुलतानाचे राज्य बोस्नियातून जाऊन तेव्हा शंभरहून अधिक वर्षे झाली होती.

स्रेब्रेनित्साच्या खटल्यात जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, या वेळी न्यायाधीशांपुढे. १९४८ चा वंशसंहारविरोधी करार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक समूहांना संरक्षण देतो. बोस्नियाचे मुसलमान यांपैकी कोण? बोस्नियन सर्ब सैन्यातला जनरल क्र्स्तिच याच्या खटल्याचा निकाल २ ऑगस्ट २००१ रोजी देताना हेगच्या न्यायाधिकरणाने युगोस्लावियाच्या १९६३ च्या राज्यघटनेचा दाखला दिला: तिने या लोकांना राष्ट्र म्हणून मान्यता दिली होती, आणि मारणाऱ्यांनीही त्यांना तसेच एक वेगळे राष्ट्र समजून मारले होते. वंशसंहार सिद्ध झाला. साठच्या दशकातला तो रुक्ष सरकारी वाद अशा रीतीने मृतांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला.

तोपर्यंत त्या लोकांनी आपले नाव बदलले होते. सप्टेंबर १९९३ मध्ये, वेढ्यातल्या सारायेवोत, त्यांच्या प्रतिनिधींनी परिषद भरवून ‘बोश्न्याक’ हे जुने नाव पुन्हा स्वीकारले. राष्ट्राला धर्माचेच नाव असल्यामुळे जगाला हे दोन धर्मांमधले युद्ध वाटते, हे त्यांना कळून चुकले होते. २०१३ च्या जनगणनेत बोस्नियाच्या ५०.१ टक्के लोकांनी स्वतःला बोश्न्याक म्हटले. शेजारच्या मोंटेनेग्रोत मात्र २०११ मध्ये ८.६ टक्के लोक बोश्न्याक होते आणि ३.३ टक्क्यांनी अजूनही ‘मुसलमान’ हेच आपले राष्ट्र म्हणून लिहवले.

युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातून आलेल्या राज्यघटनेने बोश्न्याक, क्रोएट आणि सर्ब ही तीन ‘घटक राष्ट्रे’ ठरवली. उरलेले सगळे ‘इतर’. तीन सदस्यांच्या अध्यक्षमंडळात प्रत्येक घटक राष्ट्राचा एक माणूस. याकोब फिन्ची हे सारायेवोचे ज्यू. वेढ्याच्या काळात त्यांच्या ‘ला बेनेव्होलेन्सिया’ या संस्थेने धर्म न विचारता शहराला औषधे आणि जेवण पुरवले. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी स्पेनमधून हाकलले जाऊन बोस्नियात आले होते. अध्यक्षमंडळासाठी उभे राहता येईल का, असे त्यांनी विचारले तेव्हा, ज्यू असल्यामुळे नाही, असे उत्तर मिळाले. रोमा समाजाचे देर्वो सेयदिच यांचीही तीच गत. दोघे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ रोजी जिंकले. तो निकाल मान्य करण्यासाठी लागणारी घटनादुरुस्ती तिन्ही राष्ट्रांच्या पक्षांनी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकली. त्यांत एकेकाळी स्वतःच्या रकान्यासाठी झगडलेल्यांचे वारसही होते.